न झेललेली दोरी

"या घरातलं अन्न आता माझ्या घशाखाली उतरत नाही, ताई," असं म्हणून धाकट्यानं ताट बाजूला सारलं, तेव्हा ताईच्या हातातली पळी अधांतरीच थांबली... आणि मग तिनं ती पातेल्यात ठेवून दिली.

वडील गेल्यावर त्यांच्या जागी, आलेली जहाजं दोरखंडांनी धक्क्याला बांधायच्या कामाला लागलेली ही ताई. लग्नाचं वय तिथेच वाऱ्यावर उडून गेलं, पण धाकटा शिकला, मास्तर झाला. आता तोच मास्तर सारं गाव घेऊन उभा राहिला होता: परदेशचा कोळसा आपल्या धक्क्यावर उतरू द्यायचा नाही! सभेत तो म्हणाला होता, "ते जहाज धक्क्याला बांधणारे हातही तितकेच दोषी आहेत." ताई मागच्या बाकावर बसली होती. आपलेच दात, आपलेच ओठ. बोल लावणार कुणाला?

पण त्याच सभेत आयांनी कोळशाच्या धुळीनं आजारलेल्या आपल्या मुलांचे दम्याचे पंप वर धरले होते, आणि त्यातली निम्मी मुलं ताईच्या कडेवर खेळलेली. त्यामुळे राग काही टिकेना. वेदना मात्र हृदयातून हलायला तयार नव्हती.

जहाज आलं त्या सकाळी गावकरी होड्या घेऊन खाडीच्या तोंडाशी घोषणा देत होते, धाकटा सगळ्यांत पुढे. जहाज भोंगा वाजवत त्यांना वळसा घालून धक्क्याशी आलं. एवढं अवजड धूड, पण त्याचं बांधणं सुरू होतं ते बोटाएवढ्या दोरीनं. खलाशी ती वरून फेकतो, खाली झेलायची, मग तिच्यामागून जाड दोरखंड ओढून घ्यायचे. पहिली दोरी झेलायचा मान मुकादमाचा, म्हणजे ताईचा. तिच्याआधी कुणी हात लावायचा नाही, अशी टोळीची रीत.

दोरी आली. ताईनं हात पाठीमागे घेतले... दोरी पाण्यात पडली. नेम चुकला असं वाटून खलाशानं पुन्हा फेकली. या वेळी ती ताईच्या पायाशी पडली आणि सरपटत खाली गेली. टोळीतले तिघे एकमेकांकडे बघत राहिले. बंदराचा साहेब ओरडून ओरडून थकला, तोवर ओहोटी लागली आणि जहाजाला माघारी फिरावं लागलं. तिघांना समज मिळाली. ताईला कामावरून काढून टाकलं; धाकट्याला तिनं काम सोडलं एवढंच सांगितलं.

तो कोळसा दुसऱ्या कुठल्या बंदरात उतरलाही असेल. गावात मात्र आनंदीआनंद! होड्यांनी जहाज परतवलं म्हणून धाकट्यानं भाषण ठोकलं. ताई ते घरात भाजी निवडत कर्ण्यावरून ऐकत होती.

पुढे एकदा न्हाव्याच्या दुकानात टोळीतल्या म्हाताऱ्यानं त्याला सहज विचारलं, "मास्तर, तुमच्यासाठी ताईनं दोरी झेलली नाही, नोकरी गेली. शाळेत तिच्यासाठी एखादी जागा बघाल का?"

धाकटा अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आला.

"ताई, मला का नाही सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात? लोकांनी जहाज परतवलं, असं तूच म्हणालास ना?"

"हो, पण..."

"मग मी लोकांत येत नाही का रे?"

धाकटा उंबऱ्यावरच बसला आणि हुंदके देऊन रडू लागला. ताई त्याच्या शेजारी येऊन बसली, आणि तिनं त्याला रडू दिलं.