नऊ नंबरचा दिवा

मोबाइल आधी उलटे ठेवा. मध्येच वाजला तर तुमचीच पाचावर धारण बसेल.

ही माझ्या मेहुण्याची हकीकत. तो हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर. गेल्या वर्षी सतरा नोव्हेंबरला, सोमवारी, कामावरच्या जोडीदाराची अक्कलदाढ काढली म्हणून हा त्याच्या जागी रात्रपाळीला निघाला. "अक्कल त्याची गेली, जागरण माझ्या नशिबी," असं बायकोला म्हणाला, डबा उचलला आणि गेला. तारीख काही त्याच्या लक्षात आली नाही. खरं तर यायला हवी होती.

त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, त्याच तारखेच्या रात्री, तिथे एक बाळंतीण रक्तस्रावानं गेली होती. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीण, छत्तीस तास उभी. तिनं मोठ्या सर्जनना घरी तीनदा फोन लावला. दोन दहा, दोन पस्तीस, तीन पाच. फोन मेहुण्यानंच जोडले, आणि चोरून ऐकलेही. सर तिन्ही वेळा तेच म्हणाले, "उगाच घाबरू नकोस. सकाळी बघू." तिसऱ्या फोननंतर ती ऑपरेटरच्या खोलीत आली, दार लावून दोन मिनिटं रडली, नळाखाली तोंड धुतलं आणि परत वॉर्डात गेली. तिथे नातेवाईक तिलाच विचारत होते, "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?"

चौकशीत सर म्हणाले, मला फोन आलाच नाही, बाईमाणूस, गांगरली असेल. मेहुण्याच्या रजिस्टरात तिन्ही फोनची नोंद होती. सरांच्या सांगण्यावरून यानं ते पान फाडून जाळलं. नोकरीची भीती, दुसरं काय.

"काका, तुम्ही तरी सांगा हो," ती सगळ्यांसमोर म्हणाली. हा खाली मान घालून बसला.

तिला काढून टाकलं. दोन महिन्यांत गेली. तापाचं निमित्त झालं. पण पोरगी रागानं गेली, असं मी म्हणतो.

तर तो सोमवार. सर स्वतःच हर्नियाच्या ऑपरेशनसाठी नऊ नंबरच्या खोलीत होते. दोन दहाला बोर्डावर नऊचा दिवा लागला.

"छातीत दुखतंय. बेल दाबून दमलो, कोणी येत नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरला जोड."

यानं जोडला. पलीकडे बाईचा आवाज.

"उगाच घाबरू नका, सर. सकाळी बघू."

त्या रात्री ड्यूटीवर डॉक्टरीण नव्हतीच. पण आवाज ओळखीचा होता.

दोन पस्तीस. पुन्हा नऊ. सरांना धाप लागलेली.

"अगं... ये ना..."

"सकाळी बघू."

मेहुणा उठला. दाराशी गेला. कडी सरकेना. ओरडायला गेला. आवाज फुटेना.

तीन पाच. दिवा लागला. सर बोलले नाहीत. नुसती घरघर. मग तीही...

पलीकडे नळ चालू होता. कोणीतरी तोंड धूत होतं.

नळ बंद झाला. कडी आपोआप सरकली.

हा नऊ नंबरकडे धावला. सर गार पडले होते. ड्यूटीवरचा डॉक्टर शपथेवर सांगत होता, माझा फोन वाजलाच नाही. मला विचाराल तर मला सरांचं काडीचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते मेहुण्याचं.

कारण पहाटे त्यानं नोंद करायला रजिस्टर उघडलं. जाळलेलं पान जागच्या जागी होतं. त्याच्याच अक्षरातल्या तिन्ही नोंदी. खाली चौथी, तिच्या अक्षरात. नंबर मेहुण्याच्या घरचा.

वेळेचा रकाना तेवढा रिकामा आहे.