आज आणखी मागे

आईने मला थिएटरवर पाठवलं, ते वहिनीला घरी आणायला. ती रोज दुपारी तोच सिनेमा बघत बसायची. माझा दादा सिनेमात मार खाऊन पडायची कामं करायचा. जन्मभर माड्यांवरून उड्या टाकून धड राहिला आणि काविळीने गेला. हा त्याचा शेवटचा सिनेमा, उलटा सांगितलेला. सुरुवातीलाच दादाचा खून, आणि मागे मागे जात शेवटी तो घरात जिवंत.

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. खून मला बघवेना. चष्मा काढून ठेवला तरी हाडं मोडल्याचा आवाज येतच होता. एवढं रक्त कशाला, म्हणून दिग्दर्शकाला मनात शिव्या घातल्या. पण पुढे त्यानेच माझं तोंड बंद केलं. ज्याचं मरण आधीच पाहिलंय तो माणूस नुसता हसला तरी किती जीव तुटतो, हे त्या पठ्ठ्याने बरोबर ओळखलं होतं. शेवटी दादा घरात आला, चपला काढून खुर्चीत बसला, तेव्हा मला रडू आवरेना.

"संपला. चल वहिनी."

"थांबा भाऊजी." तिने माझा हात धरला. "पहिल्या दिवशी इथेच संपला होता. मग रोज थोडा मागे जायला लागला. परवा आमचं लग्न दिसलं. काल पहिली भेट..."

"आणि आज त्याच्याही मागे गेला तर...? तिथे तू नाहीस, वहिनी."

"मला तो सगळा बघायचाय," ती हळूच म्हणाली.

लोक उठून गेले होते. पडदा मात्र उजळलेलाच होता. थंड, दमट वास सुटला. पडद्यावर दादा आला, मिसरूड फुटलेला, सडपातळ, एकटाच शीळ घालत निघालेला. इतका सुंदर तो मला कधीच दिसला नव्हता. नजर हटेना.

दिवे लागले. वहिनीची बोटं सैल झाली. तिने आपल्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ओशाळून हात मागे घेतला. चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नव्हता.

"माफ करा हं... जरा पाय घेता? घरी आई वाट बघत असेल."

मी हाका मारत तिच्या मागे गेलो. तिने वळूनही पाहिलं नाही. ती थेट माहेरच्या गल्लीत शिरली. तिची आई वारल्यापासून त्या घराला कुलूप आहे.

तिने कडी वाजवली... आणि कुणीतरी आतून दार उघडलं.