सुटलं म्हणायचं राहिलं

रविवारी दुपारी दोनच्या सुमारास प्रियदर्शनी राजापेठेतल्या दुकानातून पातळ कागदांचं भेंडोळं घेऊन निघाली. उन्हानं रस्ता ओस पडला होता. एरवी ट्यूशनच्या पोरापोरींनी गजबजलेला क्लासच्या इमारतीचा जिना आज रिकामा होता. वरच्या हॉलमध्ये रविवारी शिकवणी नसे, म्हणून तो दिवस तिनं आपल्या चित्रकलेच्या वर्गासाठी मागून घेतला होता.

बडोद्याला चित्रकला शिकून तीन महिन्यांपूर्वी ती अमरावतीला परतली, ती एक ध्यास घेऊनच. आपल्या गावातल्या पोरांनी फोटोवरून नटनट्या काढणं सोडावं आणि समोरचं जिवंत माणूस काढावं. एका मिनिटात, कोळशाच्या कांडीनं, खोडरबर न वापरता. "माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा," असं ती दर रविवारी सांगे. सहा जण आले. समोर बसायला मात्र कोणी तयार होईना. शेवटी हॉल झाडणाऱ्या-पुसणाऱ्या भागीरथाबाई बसल्या.

"नुसतं बसाचं?" त्यांनी विचारलं होतं. "इतक्या उमरीत मले कोणी बस म्हणलं नाई, बाई."

बसायच्या त्या अशा, की नाकावर माशी आली तरी पापणी हलायची नाही. प्रियदर्शनी मोबाइलवर मिनिट लावी आणि ते संपलं की म्हणे, "सुटलं, मावशी." मगच त्या हलत. तास संपला की फरशीवर सांडलेली कोळशाची पूड तळव्यानंच गोळा करत आणि काळी बोटं दाखवून हसत. "आमी कोयशावर भाकर भाजतो, तुमी माणसं काढता."

गेल्या रविवारी शेवटचं मिनिट चालू होतं. उजवा हात कपाळाशी धरून, कुणाची तरी वाट बघत असल्यासारख्या भागीरथाबाई बसल्या होत्या. तेवढ्यात फोन वाजला. बाबांना चक्कर आली होती, दवाखान्यात नेलं होतं. प्रियदर्शनी तशीच धावत सुटली, पोरंही मागोमाग पांगली. बाबा संध्याकाळपर्यंत बरे झाले.

शुक्रवारी भागीरथाबाईंची मुलगी मैना घरी आली. पाणी प्यायली आणि पेला हातातच धरून बोलू लागली.

"आई त्या दिवशी अंधार पडल्यावर आली. चौकीदारानं कुलूप लावतो म्हणलं तवा उठली. मले म्हणे, बाईनं सुटलं म्हणलंच नाई, उठाचं नोतं मले. मंगळवारी झोपेतच गेली... हात कपाळावर होता. चौघाइनं ओढून पाह्यलं, खाली येईना. तसंच नेलं." तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमाले दोष नाई देत, ताई. पण माहा जीव अडकून राहिला. ते म्हणून टाका न एक डाव."

म्हणून टाकायचं. पण कुणाला, रिकाम्या खुर्चीला? असल्या गोष्टी तिनं कधी मानल्या नव्हत्या. आणि पोरांसमोर बोलायचं म्हणजे...

हॉलमध्ये कूलर घरघरत होता. ओल्या वाळ्याचा वास सुटला होता. आज एक नवी मुलगी आली होती. आकांक्षा, धारणीची, कॉलेजसाठी नुकतीच इथं राहायला आलेली.

"मॅडम, आज कोणाले काढाचं?" पियुषनं विचारलं. "मी बसू का? पण एक मिनिट गप बसणं माह्याच्यानं होत नाई, आताच सांगतो."

कोणी हसलं नाही.

"आज खुर्ची काढा," प्रियदर्शनी म्हणाली. "पेन्सिलनं." कोळशाचा डबा उघडायचं तिला मन झालं नाही.

मिनिट सुरू झालं. पेन्सिली खसखसू लागल्या. वाळ्याच्या वासात हळूच फिनाइलचा वास मिसळला. फरशी तर आज कोणी पुसली नव्हती.

तिचं लक्ष आकांक्षाकडे गेलं. मुलीची नजर खुर्चीच्या पायापासून वर चढत होती, पाठीच्याही वर, जिथं काहीच नव्हतं तिथं थांबत होती आणि कागदावर परत येत होती. प्रियदर्शनी तिच्या मागे जाऊन उभी राहिली. कागदावर डोईवरचा पदर होता. वर उचललेलं कोपर होतं. कपाळाशी धरलेला हात होता.

"तुला... यांच्याबद्दल कोणी सांगितलं?"

"कोणाबद्दल, मॅडम?" आकांक्षानं मान न वळवताच विचारलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजीचा हात लय थरथरून राहिला. थकल्या त्या. सोडा न त्याइले..."

फोनवर मिनिट संपल्याची घंटी वाजली. सगळ्यांच्या पेन्सिली थांबल्या.

प्रियदर्शनी खुर्चीसमोर आली. पोरं बघत होती, बघू देत.

"सुटलं, मावशी," ती म्हणाली. "माझं चुकलं. हात खाली घ्या आता."

खुर्ची कुरकुरली, बसलेलं माणूस उठताना कुरकुरते तशी.

"उठल्या," आकांक्षा म्हणाली. "तुमाले म्हणून राहिल्या, बस."

प्रियदर्शनी बसली. खुर्ची उबदार होती. शुक्रवारपासून अडवून धरलेलं रडू तिथं फुटलं. पोरांनी एकेक करून नवा कागद घेतला आणि तिला काढायला सुरुवात केली. मिनिट कोणीच लावलं नव्हतं.

जाताना आकांक्षानं आपला कागद दिला. त्यात वाकून बसलेली प्रियदर्शनी होती, आणि तिच्या मागे उभी म्हातारी. म्हातारीचे दोन्ही हात खाली आले होते. ते प्रियदर्शनीच्या खांद्यांवर होते.

घरी येऊन तिनं पांढरा कुर्ता धुवायला काढला आणि दिव्याखाली तशीच थांबली. कोळशाचा डबा आज कोणी उघडला नव्हता. कुर्त्याच्या दोन्ही खांद्यांवर काळी बोटं उमटली होती. डाव्या खांद्यावरची अगदी स्पष्ट. उजव्या खांद्यावरची जराशी फरपटलेली, थकलेला हात थरथरावा तशी.