फाइतूनचा पुढचा मुक्काम

बो क्लुआला जाणाऱ्यांनी पेट्रोल पुआलाच भरून घ्यावं. पुढे घाट चढताना गाडी दुप्पट पिते आणि वाटेत जंगलाशिवाय काही नाही. उतारावर ब्रेक दाबून धरू नये, दुसऱ्या गिअरवर गाडी सोडावी. थंडीच्या दिवसांत शनिवार-रविवार टाळावेत, कारण बँकॉकची मंडळी धुकं बघायला येतात आणि खोल्या अडवून बसतात. हे सगळं मला पाठ आहे. मोटरसायकलवरून चार-आठ दिवस डोंगर हिंडायचं कुणाच्या मनात आलं, की आमच्या चियांग खाममधली माणसं नकाशा घेऊन माझ्याकडे येतात. इस्पितळात मी क्ष-किरणांचे फोटो काढतो. माणसाच्या आत काय आहे आणि काय नाही ते बघून सांगणं हा माझा धंदा, आणि रस्ते आखणं हा नाद.

त्या जानेवारीत मी जो प्रवास आखायला घेतला, तो मात्र नादापायी नव्हता. माझा धाकटा भाऊ फाइतून नोव्हेंबरात गाडी घेऊन एकटाच तिकडे गेला होता. सोंग ख्वे, मग पुआ, मग मिठाच्या विहिरींचं बो क्लुआ, असे त्याचे मुक्काम. बो क्लुआच्या पुढे एका वळणाखाली तो सापडला. गाडी पार चेपली होती आणि हा तिच्या शेजारी मांडी घालून दरीतल्या धुक्याकडे बघत बसला होता. अंगावर ओरखडा नाही. डोक्याचे फोटो मीच काढले, पुन्हा पुन्हा काढले. कुठे काही बिघडलेलं नव्हतं. पण तेव्हापासून तो एक अक्षर बोलला नव्हता. बसवलं तिथे बसायचा, भरवलं तर गिळायचा. त्याची बायको दुआंगता नूडल्सचं दुकान दुपारी बंद करून त्याचं सगळं करत होती. तिची गालफडं बसली होती. घरात कुणी मोठ्यानं हसलं तर आम्हालाच अपराध्यासारखं वाटायचं.

आईचं निदान पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. ह्याचा ख्वान तिकडे राहिलाय. माणूस जोरात दचकला की ख्वान, म्हणजे त्याच्यातलं चैतन्य, अंगातून निसटतो आणि निसटला तिथेच घुटमळत राहतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मग घरातल्या मोठ्यानं त्याच रस्त्यानं, तेच मुक्काम करत जायचं. मासे उपसायच्या बांबूच्या टोपलीत ख्वान उपसून घ्यायचा आणि हाका मारत घरी आणायचा. ख्वानाला फक्त आलेला रस्ता ठाऊक असतो, म्हणून मुक्काम बदलायचे नाहीत.

"आई, डोकं शाबूत आहे त्याचं. मी बघितलंय," मी म्हणालो.

"तू हाडं बघितलीस." ती हातमागावर बसली होती. तिनं मान वर केली नाही. "रस्ता आख."

आईच्या समाधानासाठी म्हणून मी नकाशा पसरला. खरं सांगायचं तर मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. मी आणि दुआंगता जाणार होतो. जाताना आणि येताना, फाइतून जिथे जिथे उतरला होता त्याच घरी उतरायचं होतं. बो क्लुआला खोल्या कमी, म्हणून आधी तिथे फोन लावला. दुपारची वेळ होती. ओसरीवर दुआंगता फाइतूनला भात भरवत होती. घर खांबांवर असल्यामुळे ओसरीला वारा भरपूर असतो, म्हणून त्याची गादी आम्ही तिथेच घातली होती.

तिकडे पिम मावशी होती. ती मीठ उकळते आणि नदीकाठच्या दोन खोल्या भाड्यानं देते.

"मावशी, मी सावात, चियांग खामहून. फाइतूनचा भाऊ."

"ओळखलं रे. म्हणालाच होता तो, दादाचा फोन येईल."

"कोण म्हणाला?"

"फाइतून, दुसरं कोण? काल संध्याकाळी आला. एवढ्या गारठ्यात नुसत्या शर्टावर. गाडी मोडली, चालत घरी निघालोय म्हणाला. मीठ-भात खाल्ला आणि उजाडता उजाडता गेला. तुम्हा लोकांना काळजी आहे की नाही पोराची?"

"मावशी, तो नोव्हेंबरात आला होता."

"तेव्हा गाडीवर आला होता. मला काय वेडी समजतोस?"

जन्मभर चुलीच्या धुरात बसून म्हातारीचे डोळे गेले असणार, असं मी स्वतःला समजावलं आणि फोन ठेवला. समोर बघितलं तर फाइतूननं मान वळवली होती. तो माझ्या हातातल्या फोनकडे बघत होता. दुआंगताचा चमचा त्याच्या गालाला लागून भात गादीवर सांडला.

"भाऊजी, ह्यांनी मान वळवली," ती म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. मी तिला फोनवरचं काही सांगितलं नाही.

दोन-तीन दिवस मी नकाशाला हात लावला नाही. इस्पितळात काम होतं, असं मी आईला सांगितलं. काम रोजचंच होतं. परतीचा एक मुक्काम डोक्यात घोळत होता. सोंग ख्वेच्या बाजूला दरड कोसळल्याचं ऐकलं होतं, तर येताना पुआहून निघून सोंग ख्वेऐवजी था वांग फा ह्या गावीच राहावं का, असा विचार होता. आईला ते चाललं नसतं, म्हणून तिच्यापाशी बोललो नव्हतो. कुणापाशीच बोललो नव्हतो.

शेवटी पुआला तोंगदीला फोन लावला. तोंगदी जुना ओळखीचा, चहा विकून खोल्या भाड्यानं देणारा टवाळ माणूस.

"बोला, फोटोवाले डॉक्टर," तो म्हणाला. "तुमचे बंधुराज सकाळपासून माझ्या बाकावर बसलेत. चहा देतो तर घेत नाहीत, माझ्या चहाचं नाव वाईट करतायत."

"त्याला दे फोन," मी म्हणालो.

तो पलीकडे कुणाशी तरी बोलला. कोंबडा आरवल्याचं ऐकू आलं.

"नको म्हणतो. म्हणतो, दादानं पुढचा मुक्काम अजून ठरवला नाही. तो ठरवेपर्यंत बसतो."

माझ्यासमोर, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर, फाइतून बसला होता. त्याच्या गळ्यात दुआंगतानं बांधलेला पंचा होता, त्यावर जेवणाचे डाग होते. मी त्याच्याकडे बघत, कुणाला सांगतोय हे मलाच न कळता म्हणालो, "सोंग ख्वे."

"अरे, उठला की," तोंगदी म्हणाला. "निघालासुद्धा. विचित्रच आहेत तुमच्या घरचे."

समोरचा फाइतूनही उठला. कुणी हात न देता. त्यानं ओसरीवरची गादी गुंडाळली, फरफटत आतल्या खोलीत नेली आणि दाराला आतून कडी घातली.

दुआंगता खालून धावत आली. "स्वतःहून उठले? स्वतःहून?" ती मला विचारत राहिली. मी हो म्हणालो. तिचा चेहरा उजळला होता. मला भीती वाटत होती, आणि ती सांगायला घरात जागा नव्हती.

आईला मात्र सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे जायला नको," ती म्हणाली. "तू बोलतोस तिथवर तो येतोय."

पुआ ते सोंग ख्वे चालून एका दिवसात होत नाही. तरी दुसऱ्याच दिवशी सकाळी सोंग ख्वेहून फोन आला. मी केला नव्हता, त्यांनीच केला. तिथल्या घरमालकिणीचा आवाज संकोचलेला होता.

"तुमचे भाऊ आलेत. विचारतायत, आता घरीच यायचं ना? मी म्हटलं, यात काय विचारायचं? पण ते म्हणतात, विचारा."

मी आईकडे बघितलं. आईनं माझ्या हातून फोन घेतला. "हो म्हणावं. घरी ये म्हणावं."

आतल्या खोलीत काहीतरी जड ओढल्याचा आवाज झाला. कपाट असावं.

त्या दिवशी आईनं अंघोळ करून ठेवणीतला सरोंग नेसला. ताटात केळी, उकडलेलं अंडं, भाताची मूद आणि मनगटाला बांधायच्या पांढऱ्या सुताची गुंडी ठेवली. फाइतूनचा एक शर्ट घडी करून मांडीवर घेतला आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. दुपारचं ऊन कडक होतं. समोरच्या रस्त्यावरून बाजाराला आलेल्या गाड्या परत चालल्या होत्या. मी ओसरीवर उभा होतो आणि दुआंगता बंद दाराशी उभी राहून फाइतूनला जेवायला बोलावत होती.

आई अचानक उठली.

"ये रे बाळा," ती म्हणाली. "किती वाळलास."

फाटकात कुणी नव्हतं. तिनं जिन्याजवळच्या रांजणातून पाणी घेतलं आणि खालच्या पायरीवर ओतलं, पाहुण्याच्या पायांवर ओततात तसं. पायरी मी सकाळीच धुतली होती. पाणी वाटेच्या मातीनं तांबडं होऊन वाहिलं.

मग ती वर यायला लागली. एक हात कठड्याला आणि दुसरा बाजूला, कुणाचा तरी दंड धरल्यासारखा. ती माझ्या जवळून गेली तेव्हा लाकडाच्या धुराचा आणि मिठाच्या वाफेचा वास आला. मी खांब धरला.

ती दारापाशी थांबली.

"फाइतून, कडी काढ. आलाय बघ."

तिनं दारावर थाप मारली.

मग आतून आवाज आला. फाइतूनचाच, स्पष्ट, जरा चिडका. तो ऐकायला आम्ही दोन महिने तळमळत होतो.

"दादा, आईला सांग. इथे जागा नाही."

दुआंगता मटकन खाली बसली आणि आनंदानं हुंदके देऊ लागली.

आई दारापाशी उभीच राहिली. मग वळली, ओसरीवर एक चटई पसरली आणि हातानं खूण केली, बस.

दुसऱ्या दिवशी फाइतून बाहेर आला. पोटभर जेवला. आठवड्याभरात दुकानावर बसू लागला, गिऱ्हाइकांशी थट्टा करू लागला. दुआंगताच्या गालांवर मांस चढलं. शेजारणी म्हणायच्या, अशा बाईचे पाय धरावेत. तो मला दादा म्हणतो, आईला आई म्हणतो. आई त्याला ओ देत नाही. ती ओसरीवर जास्तीचं ताट वाढते आणि दुपारभर मागावरून वर बघत चटईशी बोलत असते. तीसुद्धा सुखात आहे.

मी एकदा चटईशेजारी जाऊन बसलो. कुणी बघत नव्हतं. "फाइतून," मी हळूच म्हणालो. नुसता तो धुराचा वास आला, आणि मला रडू फुटलं. लहानपणी तो माझ्या मागे मागे चालायचा, मी ज्या वाटेनं जाईन त्या वाटेनं, कुठे चाललोय हेही न विचारता.

चटईवर कोण बसलाय ते दुआंगताला मी सांगून बघितलं.

"भाऊजी, माझा नवरा हसतोय, जेवतोय," ती म्हणाली. तिनं माझी नजर टाळली. "ह्याहून जास्त मला काही बघायचं नाही. तुम्हीही बघू नका."

परवा रविवारी जेवणं झाल्यावर फाइतून माझ्याकडे आला. त्यानं टेबलावर नकाशा पसरला, कडा हातानं सारख्या केल्या आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

"दादा, एक मोठा प्रवास आखून दे," तो म्हणाला. "पार दक्षिणेला, समुद्रापर्यंत. आपलं कुणी ओळखीचं नाही अशा गावांमधून."

"तू जाणार आहेस?"

"परतीचा आखू नकोस."

मी त्याच्याकडे बघितलं. तो गोड हसत होता, मला लाडीगोडी लावताना लहानपणी हसायचा तसाच.

"आज सगळा नको," तो म्हणाला. "इथून निघून पहिल्या दिवशी माणूस कुठे पोचेल, तेवढं सांग."

इतकी वर्षं लोक मला हेच विचारत आलेत. बोट आपोआप नकाशावर गेलं आणि तोंडातून गाव निघून गेलं.

"फ्रे."

बाहेर ओसरीवर चटई सरकल्याचा आवाज झाला. मग आईचा आवाज आला.

"आत्ताच तर आलास. उन्हाचा कुठे निघालास रे?"