टेलरकाका, झाला का?

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय. मामा टेलर आहेत, थापा मारण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. या एका बाबतीत मात्र ते खोटं बोलत नाहीत.

लढाईचं दुसरं वर्ष. मंगळवार. दुपारचे पावणेतीन.

दुकानासमोर चार मजली इमारत होती. तिसऱ्या मजल्यावर सात वर्षांची एक पोरगी राहायची. फटकळ म्हणून मामा तिला मिरची म्हणायचे. तिच्या मावशीच्या लग्नासाठी तिचा पिवळा फ्रॉक शिवायला टाकला होता. पंधरा दिवस पोरगी हेलपाटे घालत होती.

"टेलरकाका, झाला का?"

"झालाच. नुसती काजं-बटणं राहिलीत. अर्ध्या तासाने ये."

खरं तर कापडाला अजून कात्रीच लागली नव्हती.

"मग मी इथेच बसते," ती स्टुलावर चढत म्हणाली. "तुमचा अर्धा तास मला माहितेय."

थाप उघडी पडेल म्हणून मामांनी तिला खाली उतरवलं. "घरी जा. झाला की हाक मारतो."

ती गेली.

तीनला विमानं आली. भोंगा नंतर वाजला.

मामांच्या दुकानाची फक्त काच फुटली. समोरची इमारत मात्र उरलीच नाही. मिरचीच्या घरातलं कुणीही वाचलं नाही.

आठवड्याने मामांनी दुकान उघडलं. दुपारी मशीन चालवता चालवता त्यांचा पाय थांबला.

रबरी चपलांचा आवाज... पायरीवर.

दारात कुणीच नव्हतं.

"टेलरकाका, झाला का?"

आणि मामांच्या तोंडून निव्वळ सवयीने निघून गेलं, "अर्ध्या तासाने ये."

चपला परत पायरी उतरल्या.

घड्याळात पावणेतीन झाले होते. लादीवर पांढऱ्या धुळीची पावलं होती... इवलीशी.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

मामांनी मामीला सांगितलं. मामी रडली आणि म्हणाली, "अहो, आता तरी शिवून टाका. पोर त्या फ्रॉकापायी अडकलीय."

मामांनी गठ्ठ्यातून कापड काढलं. मापाची चिठ्ठी टाचलेली होती. एरवी दोन तासांचं काम, त्याला चार दिवस लागले. हात चालत नव्हता. शेवटी काजं-बटणं झाली, तसा त्यांनी फ्रॉक इस्त्री करून टांगला.

पावणेतीनला... चपला वाजल्या.

"टेलरकाका, झाला का?"

"झाला, बाळा."

फ्रॉक जरासा हलला.

आणि मग हळूच...

"मग आता घरी जाऊ?"

मामांनी समोर पाहिलं. समोर नुसतं आभाळ होतं. कुठल्या घरी पाठवणार होते तिला?

"नको गं," ते म्हणाले. "एक बटण राहिलंय. अर्धा तास. तू इथेच बस."

स्टूल करकरलं.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मामा रोज दुपारी त्या फ्रॉकाचं एक बटण उसवतात आणि पुन्हा लावतात. स्टुलावर कुणालाही बसू देत नाहीत.

मागच्या महिन्यात मी गेलो होतो. मामा दोरा ओवत होते, तेवढ्यात मी स्टुलावर हात ठेवला.

स्टूल कोमट होतं... कुणी आत्ताच उठून गेल्यासारखं. माझ्या तळव्याला पांढरी धूळ लागली होती.

मामांनी मान वर केली नाही. सुईत बघतच म्हणाले, "मी काही आता जन्माला पुरणार नाही. माझ्यामागे तिला अर्धा तास कोण सांगणार रे?"

मला शिवता येत नाही. तरी त्या दिवसापासून मी बटण लावायला शिकतोय.