नवस फेडणारा

यात्रेला निघालात वाटतं? बसा. सोल शिवून होईपर्यंत सांगतो.

मी बूट दुरुस्त करणारा माणूस, त्यामुळे भक्ती मला कायम खालून दिसते. टेकडीवरच्या मारियामातेच्या चर्चला तीन दिवस चालत जाणारी मंडळी जाताना माझ्याकडे येतात आणि परतल्यावरही येतात. जाताना चेहऱ्यावर पुण्य ओसंडत असतं. परतताना पायांना फोड आणि घरातली तीच जुनी भांडणं. मला त्यांची कधी कीव आली नाही, तिटकाराच यायचा.

आणि बायकोनं नवस फेडायला नेमकं मलाच सांगितलं. अकरा महिने ती अंथरुणाला खिळून होती. डॉक्टरांनीही हात टेकले होते.

"माझ्या बदली तुम्ही चाला," ती म्हणाली. "शेवटच्या पायऱ्या गुडघ्यांवर चढा. एवढं केलंत की मी उठेन."

मी हो म्हटलं. चाललो मात्र नाही. दोन दिवस एका लॉजमध्ये लोळलो, पत्ते कुटले. बायको माझी, आल्या आल्या सोल बघणार हे ठाऊक होतं, म्हणून सोबत कानस घेतली होती. टाचा बाहेरच्या बाजूनं घासल्या, चवड्याखाली थोडं कमी, शिवणीत धूळ चोळली. तीन दिवसांची झीज वीस मिनिटांत उतरवली आणि स्वतःवरच खूश झालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी बसनं टेकडीवर पोचलो. पायऱ्यांवर धडधाकट माणसं गुडघ्यांवर सरकत होती. मेणाचा, घामाचा, औषधाचा वास एकात एक मिसळला होता. पुटपुटणं अखंड चालू. मी बाजूच्या उतारावरून शीळ घालत वर गेलो.

दारात वहीत नाव लिहायचं असतं. तिथे बसलेल्या सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्यांकडे.

"एवढ्यात पट्ट्या सोडल्यात?"

"कसल्या पट्ट्या?"

"पहाटे मीच बांधल्या ना... रक्त थांबत नव्हतं तुमचं."

तिनं वही माझ्याकडे फिरवली. पानाच्या पहिल्याच ओळीत माझं नाव होतं, माझ्याच अक्षरात. पुढे बायकोचं. कडेला काळ्या पॉलिशनं माखलेला अंगठा उमटलेला.

उपासांनी बाई चळली असणार, असं मनाशी म्हणालो. पण वहीत नाव न लिहिताच मागे फिरलो. मिळेल त्या बसनं घरी निघालो.

संध्याकाळी दार मेहुणीनं उघडलं. तीन दिवस बायकोजवळ तीच राहिली होती.

"भाऊजी, एकटेच? ताई कुठंय?"

"म्हणजे?"

"असं काय करता..." तिचा आवाज बारीक झाला. "अर्ध्या तासापूर्वी तुम्हीच आलात ना, लंगडत. तिच्या उशाशी बसलात. म्हणालात, तू सांगितलंस तसं सगळं केलं. आणि ताई उठली हो... आपल्या पायांनी उठली. तुम्हीच तिला बाहेर घेऊन गेलात..."

अंथरूण रिकामं होतं. मी तसाच रस्त्यावर धावलो.

गल्लीच्या टोकाला ती चालली होती, ताठ, कुणाचा आधार नको अशी. शेजारी माझ्याच अंगलटीचा एक माणूस लंगडत होता. मी तिला हाक मारली. दोघं थांबली. तो वळला नाही. ती वळली. तिनं मला नीट पाहिलं, ओळखलंसुद्धा.

मग तिनं त्याचा हात घट्ट धरला आणि दोघं वळणाआड गेली.