स्टुडिओचा कोट

प्रयोगशाळेत सगळे त्यांना ‘बाई’ म्हणत. इतरांचे तराजू खरं बोलतात की नाही हे ठरवणं हे बाईंचं काम, आणि एकाच मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही हा त्यांचा धर्म. परदेशातल्या परिषदेचं निमंत्रण त्यांना यापूर्वीही आलं होतं. एकदा सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, एकदा पासपोर्ट नव्हता. दोन्ही वेळा बाईंनी लिहिलेला निबंध साहेब जाऊन वाचून आले. आता निवृत्ती तोंडावर आली होती. पासपोर्टच्या तातडीच्या अर्जाची खिडकी आज दुपारी बंद व्हायची होती आणि फोटो तेवढा राहिला होता.

“नाहीच जमलं तर संकोच करू नका,” साहेब सकाळी म्हणाले होते, “माझी बॅग भरलेलीच असते.”

नवऱ्याने स्कूटरवरून स्टुडिओच्या दारात सोडलं. “फोटो चांगला आला तर बदलून घे,” तो म्हणाला, “नाहीतर तिकडे कोणी ओळखायचं नाही तुला.”

“तुम्ही ओळखलंत तरी पुष्कळ झालं. गाडी बंद करू नका.”

स्टुडिओ म्हणजे एक निमुळती खोली. टोकाला पांढरा पडदा, त्यापुढे फिरतं स्टूल, दोन्ही बाजूंना छत्रीचे दिवे. आरशाच्या चौकटीत कंगवा खोचलेला. हवेत तापलेल्या प्रिंटरचा वास. फोटोग्राफरने बाईंच्या फिक्या कुडत्याकडे पाहून मान हलवली.

“पडद्यात मिसळून जाल, मॅडम. कोट घाला.”

खिळ्यावरचा काळा कोट अशाच प्रसंगांसाठी ठेवलेला होता. खांद्यांत ऐसपैस, वरून दुसरं बटण लाल दोऱ्याने शिवलेलं. कितीजणांनी तो अंगावर चढवला असेल, हा विचार बाईंनी निग्रहाने दूर सारला.

“केस कानांमागे. ओठ मिटलेले. हसायचं नाही.”

“हसण्यासारखं काही घडलेलं नाही.”

दिवे लखलखले. फोटो एकच काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो निर्दोष दिसत होता. एका कागदावर त्याच्या आठ प्रती छापून आल्या. बाईंनी कोट काढून स्वतः खिळ्याला अडकवला आणि पर्समधली पोलादी पट्टी काढली. अर्जाला दोनच प्रती हव्या होत्या, पण सवय म्हणून त्यांनी आठही मोजल्या.

पहिलीत चेहरा बरोबर मध्यावर होता. दुसरीत केसभर डावीकडे. तिसरीत त्याहून थोडा जास्त.

“कागद सरकला असेल,” त्या म्हणाल्या.

“कागद सरकला तर चौकटही सरकायला हवी ना?”

प्रश्न रास्त होता. चौकटी जागच्या जागी होत्या. चौथ्या प्रतीत बाईंची नजर कडेकडे वळलेली होती. पाचवीत ओठांचा एक कोपरा उचललेला. सहावीत अर्धा चेहरा चौकटीबाहेर गेलेला, आणि उरलेला अर्धा सरळ सरळ हसत होता. सातवीत एक कान आणि कोटाचा खांदा.

आठवीत नुसता पांढरा पडदा.

फोटोग्राफरने घाईने मूळ फोटो उघडला. तोही आता पांढराच होता.

“यंत्र बिघडलं असेल,” बाई म्हणाल्या. “पुन्हा काढा.”

त्या स्टुलावर बसल्या. दिवे लखलखले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्टूल आलं. त्याच्या गादीवरची चीरसुद्धा स्वच्छ आली. बाई आल्या नाहीत.

“आता तुम्ही बसा,” त्या म्हणाल्या. “बटण मी दाबते.”

फोटोग्राफर नाइलाजाने बसला. त्याचा फोटो उत्तम आला, भुवईवरच्या तिळासकट.

बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला.

“मॅडम,” त्याने आवाज खाली आणला, “तुम्ही घरी जाता का? पैसे नकोत मला.”

बाईंनी खिडकी बंद होण्याचा विचार केला. मग साहेबांच्या बॅगेचा. मग कारणमीमांसेचा, पण ती करायला आत्ता वेळ नव्हता. त्यांनी पट्टी पुन्हा पहिल्या दोन प्रतींवर ठेवली.

“या दोन्ही मर्यादेत बसतात. कापा.”

“आणि बाकीच्या?”

“बाकीच्या मला मोजायच्या नाहीत.”

खिडकीतल्या कारकुनाने दोन्ही फोटो उजेडात धरले, शेजारीशेजारी ठेवून पाहिले, आणि शिक्का मारला. त्या आवाजासरशी बाईंच्या खांद्यांवरून कित्येक वर्षं उतरली.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओतून फोन आला. “मॅडम, कोट चुकून तुमच्याकडे आला का?”

“मी तो खिळ्याला लावला होता. तुमच्यासमोर.”

“हो. तेच तर.”

नवरा पोट धरून हसला. “देश सोडायच्या आधीच चोरीचा आळ! आता मागे वळून बघायची सोय नाही.”

पासपोर्ट आला. साहेबांनी शुभेच्छा देताना दात दाखवले, पण डोळे साथ देईनात. बाई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या. ढग खाली गेले तेव्हा त्यांनी शेजाऱ्याची पर्वा न करता काचेला कपाळ टेकवलं. रात्रभर प्रवास करून त्या उतरल्या त्या थेट परिषदेच्या दारातच.

व्यासपीठावर त्यांनी आपला निबंध आपल्या आवाजात वाचला. साहेबांना दोनदा अडवणाऱ्या एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने या वेळीही प्रश्न विचारला. बाईंनी उत्तर दिलं. त्याने आणखी एक विचारला. बाईंनी त्याचंही दिलं, आणि त्याच्या प्रश्नातली चूकही दाखवली. म्हातारा आधी हसला, मग टाळ्या वाजवत उठून उभा राहिला, आणि त्याच्या मागोमाग सगळं सभागृह. बाई हसल्या. ओठ मिटायला कोणी सांगत नव्हतं.

बाहेर पडताना स्वागतकक्षातली मुलगी लगबगीने मागे आली.

“थांबा ना! काल संध्याकाळी विसरलात हा. किती खूश होता तुम्ही काल, सगळ्यांशी बोललात.”

काल संध्याकाळी बाई विमानात होत्या. पुढे केलेला कोट काळा होता, खांद्यांत ऐसपैस. वरून दुसरं बटण लाल दोऱ्याने शिवलेलं.

बाहेर कडाक्याची थंडी होती. बाईंनी क्षणभर विचार केला आणि हात बाह्यांत घातले.

अस्तर अजून उबदार होतं.